हा सांधा माझा नाही

लग्न होऊन मी या घरात आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी माझा दात घासायचा ब्रश नाहीसा झाला. नवा कोरा, माहेरून आणलेला, हिरव्या पारदर्शक दांडीचा. नव्या नवरीने ब्रशवरून आरडाओरडा करायचा नसतो एवढी अक्कल मला होती, म्हणून बोटाने दात घासले आणि मूग गिळून गप्प बसले. संध्याकाळी सासूबाई कामावरून आल्या, हातपाय धुतले आणि आपल्या बादलीतून त्यांनी तोच ब्रश बाहेर काढला. केस मुळापासून कापलेले, दांडीवर राखाडी सिमेंट वाळलेलं.

"कोणाचा होता गं हा?" त्यांनी विचारलं. "दांडी काय सुरेख आहे! टोकाला गोल, ना जाड ना बारीक. आज सगळ्या भिंतीचे सांधे हिनेच ओढले मी."

"माझा होता," मी म्हणाले.

"मग भाग्याची आहेस," त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला निघून गेल्या.

चुकलं नाही, माफी नाही, वर भाग्याची! त्याच वेळी मी ओळखलं की या बाईशी आपलं एक तर कधीच जमणार नाही, नाहीतर फारच जमेल. फारच जमलं. आता जी गोष्ट सांगणार आहे ती मी फुशारकी मारण्यासाठीच सांगते आहे. ज्यांना दुसऱ्याच्या सासूचं कौतुक सोसत नाही, त्यांनी खुशाल उठून जावं.

माझे सासरे फरशीचे मिस्त्री. भिंतीवरची असो की जमिनीवरची, ते तिला फरशीच म्हणायचे. सासूबाई त्यांच्यामागून सांधे भरायच्या. दोन फरश्यांच्या मधे जी बारीक फट ठेवावी लागते, तीत जो रंगीत माल भरतात त्याला ग्राउट म्हणतात. बहुतेकांना हे शेवटचं, सटरफटर काम वाटतं. सासऱ्यांनाही तसंच वाटायचं. त्यांची दोन वाक्यं ठरलेली होती आणि ती ते घरात, रस्त्यात, कामावर, कुठेही ऐकवायचे. पहिलं: "फरशी बसवतो तो मिस्त्री, बाकी सगळी पुसापुशी." दुसरं: "मिस्त्रीची पिशवी मिस्त्री उचलत नाही."

हे दुसरं वाक्य म्हणजे त्या धंद्याची रीतच होती. मिस्त्री हात हलवत पुढे चालणार आणि थापी, रबरी हातोडा, ओळंबा, लेव्हल अशी लोखंडाने जड झालेली पिशवी हाताखालचा माणूस मागून आणणार. हाताखालचा माणूस म्हणजे सासूबाई. एका खांद्याला नवऱ्याची पिशवी, दुसऱ्या हातात स्वतःची बादली. इमारतीच्या दारातला पहारेकरी सासऱ्यांना म्हणायचा, "या मिस्त्री." मागून येणाऱ्या बाईला काहीच म्हणायचा नाही. तिने पिशवी उचलली आहे यातच तिची ओळख आली.

आता कोणाला वाटेल, बिचारी! बिचारी वगैरे काही नाही हं. सासूबाईंचं तोंड सुरू झालं की सासरे खिडकी शोधायचे. "तुमची फरशी लोक चार दिवस बघतात," त्या म्हणायच्या, "मग ज्याला त्याला सवय होते. पुढे सगळं आयुष्य त्यांची नजर सांध्यावरच जाते. साबण लावताना माणूस बघतो काय? सांधे!" आणि स्वतःच्या कामाबद्दल तर विचारायची सोय नव्हती. "माझ्या सांध्यात मुंगीला बसायला जागा नाही," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की झोपेतसुद्धा म्हणेन. आमच्या लग्नाची बोलणी करायला त्या माझ्या माहेरी आल्या, तेव्हा हात धुवायला म्हणून आत गेल्या त्या बाहेरच येईनात. माझी आई दाराशी घिरट्या घालू लागली, पाहुणीला काही झालं की काय! शेवटी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मुलगी पसंत आहे. बाथरूम कोणी केलं हो तुमचं? त्याला काही शिक्षा झाली की नाही?"

पण बढाई मारणारी बाई काम करताना पाहिली की बढाई कमीच वाटायची. आधी प्रत्येक फट खिळ्याच्या टोकाने साफ करायच्या. आत वाळलेल्या मालाचा कण राहिला तर वरून भरलेला सांधा एक दिवस सालपटासारखा निघतो. मग पाण्यात पावडर घालायची, पावडरीवर पाणी ओतायचं नाही. टूथपेस्टसारखा दाट माल झाला की तो थोडा वेळ तसाच सोडायचा आणि मग पुन्हा कालवायचा. "झोप झाल्याशिवाय कोणी कामाला लागतं का?" त्या विचारायच्या. रबरी पट्टीने माल तिरका दाबायचा, कारण सरळ ओढला तर पट्टीची कड भरलेलं सगळं उकरून काढते.

आणि मग थांबायचं. खरं काम हेच, असं त्या म्हणत. मालाची ओली चकाकी जाईपर्यंत, बोटाचा ठसा उठेल पण बोटाला काही चिकटणार नाही अशी वेळ येईपर्यंत भिंतीला हात लावायचा नाही. त्या मुद्दाम खोलीतून बाहेर पडायच्या. "समोर बसलं की हात शिवशिवतात. हाताचा भरवसा धरू नये, त्याला दूर न्यावं." परत आल्या की ब्रशची दांडी प्रत्येक सांध्यावरून एका ओढीत फिरायची आणि मग स्पंज. तो इतका पिळायचा की गालाला लावला तर गार लागावा, ओला लागू नये. त्या खरंच गालाला लावून बघायच्या, त्यामुळे कामाच्या दिवशी उजव्या गालावर कायम एक राखाडी पट्टा असायचा. पाणी जास्त झालं की रंग धुऊन जातो, सांधा खळग्याखळग्यांचा होतो आणि वाळल्यावर पांढरट डाग पडतात. शेवटी फरशीवर जी धुरकट झाक येते ती कोरड्या फडक्याने काढायची. कोरड्या, बरं का. हा शब्द ध्यानात ठेवा.

पुढे सासऱ्यांचे गुडघे गेले. जन्मभर जमिनीवर टेकलेले गुडघे, ते किती दिवस साथ देणार? डॉक्टरांनी सांगितलं, यापुढे गुडघे टेकायचे नाहीत. खरं तर त्याआधीच खालच्या ओळी सासूबाई बसवत होत्या, सासरे फक्त वरच्या, उभ्याने बसवता येतील तेवढ्या. बाहेर कोणाला हे ठाऊक नव्हतं आणि सासऱ्यांनी ते कळू दिलं नव्हतं.

ज्याच्याकडे ही दोघं वर्षानुवर्षं काम करत होती त्या ठेकेदाराची एक उंच इमारत उभी राहत होती. सासूबाई सरळ त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाथरूमची कामं मला द्या. फरशीही मी लावते, सांधेही मीच भरते."

ठेकेदार माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या डोळ्यांना सवय नव्हती. "काकू, पुसून घेणं वेगळं आणि बसवणं वेगळं," तो म्हणाला. "असं करा, एक बाथरूम पूर्ण करून दाखवा. पसंत पडलं तर वरचे सगळे मजले तुमचे. नाही पडलं तर मी नवा मिस्त्री आणतोय, त्याच्या हाताखाली या. सांधे भरायला तुम्ही लागालच."

म्हणजे काय, ते सासूबाईंना बरोबर कळलं आणि घरी येऊन त्यांनी आम्हालाही सांगितलं. "या वयात परक्या माणसाची पिशवी उचलून मी चालणार नाही. एक बाथरूम. घोडामैदान जवळच आहे."

माझं शिवणाचं मशीन मी झाकून ठेवलं आणि त्यांच्या हाताखाली गेले. आमच्या ह्यांनी विचारलं, तुला काय येतं त्यातलं? मी म्हटलं, पिशवी उचलता येते. सासरेही रोज यायचे. घरी बसून जीव रमत नाही म्हणायचे. बाथरूमच्या दाराशी रंगाचा रिकामा डबा उलटा घालून त्यावर बसायचे आणि उंटावरून शेळ्या हाकायचे. "कोपरा बघ. ओळंबा बघ. अगं, तिसरी ओळ बघ." सासूबाई बघायच्या नाहीत, कारण त्यांनी आधीच बघितलेलं असायचं.

घरमालकाने फरशी निवडली होती पांढरीशुभ्र आणि सांधा मागितला होता गडद राखाडी. म्हणजे लपवायला कुठे जागाच नाही. पांढऱ्यावर पांढरा सांधा शंभर गुन्हे पोटात घालतो. पांढऱ्यावर काळपट सांधा प्रत्येक गुन्हा वाचून दाखवतो. "बरं झालं," सासूबाई म्हणाल्या. "पाहायचंच असेल तर नीट पाहू दे."

फरशी झाली. जमीन आणि दोन्ही बाजूच्या भिंती भरून झाल्या. बॅटरी भिंतीला चिकटवून आडवा प्रकाश टाकला, तर एकाही सांध्यात सावली पडत नव्हती. मी तर हरखून गेले. राहिली समोरची भिंत, दार उघडताच नजरेत भरते ती, नळाची. तीही सासूबाईंनी त्या दिवशी भरली, दांडी फिरवली, गालाला लावलेल्या स्पंजाने हलकी पुसली. झाक यायला वेळ होता.

"हिला आता कोणी हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघी खाली चहाला गेलो. जिने उतरणं जिवावर येतं म्हणून सासरे वरच बसले.

आम्ही परत आलो तर भिंत लखलखत होती. एक धुरकट ठिपका नाही. फरशीवरून पाण्याचे थेंब ओघळत होते आणि भिंतीच्या पायथ्याशी गढूळ राखाडी पाण्याची रेघ साचली होती. सांध्यातला रंग त्या रेघेत उतरला होता.

सासूबाई दारातच थांबल्या.

"पाणी कोणी लावलं?" त्यांनी विचारलं.

सासरे डब्यावर बसले होते, खिडकीकडे तोंड करून. "नळवाला येऊन गेला मघाशी," ते म्हणाले. "त्याने सांडलं असेल."

नळवाला! मी त्यांच्या पँटकडे बघितलं. दोन्ही गुडघ्यांवर दोन ओले गोल होते. डॉक्टरांनी नको म्हटलेलं असताना हा माणूस त्या भिंतीपुढे गुडघे टेकून बसला होता. मला काय झालं असेल ते लगेच उमगलं. फरशी बसवणाऱ्याचा हात म्हणजे, फरशीवर माल सांडला की ओलं फडकं घे आणि तिथल्या तिथे पूस. वाळला तर दगड होतो. जन्मभर त्यांनी तेच केलं होतं आणि फरशीच्या बाबतीत ते बरोबरच होतं. समोरच्या भिंतीवर झाक चढताना दिसली, बायको खाली, हात शिवशिवले, आणि त्यांनी थबथबलेला स्पंज घेऊन तिच्या सगळ्या कामावर पाणी फिरवलं. मदत म्हणून! मी तोंड उघडणार, तेवढ्यात सासूबाईंनी माझ्या पायावर पाय ठेवला. हलका नव्हे.

त्याही ते दोन गोल बघत होत्या. "उद्या वाळल्यावर बघू," एवढंच म्हणाल्या आणि बादली उचलली.

त्या संध्याकाळी घरात जे घडलं त्याचा मला अजून राग येतो आणि अजून गहिवरूनही येतं. दोन्ही एकदम कसं येतं ते मला विचारू नका. सासऱ्यांचे गुडघे टम्म सुजले होते. सासूबाईंनी मलमाची डबी आणली, त्यांचे पाय स्वतःच्या मांडीवर घेतले आणि चोळायला बसल्या.

"आज फार चालणं झालं वाटतं," त्या म्हणाल्या.

"हं," सासरे म्हणाले.

दोघांनाही ठाऊक, सूज कशाने आली. मी स्वयंपाकघरात भांडी आपटली. आमचे हे म्हणाले, "त्या दोघांच्या मधे तू पडू नकोस." मी म्हटलं, "कोणीतरी पडायला हवं ना! उद्या सकाळी ठेकेदार येणार, आईंच्या हातचे मजले जाणार आणि नळवाला मात्र बदनाम होणार." माझा आवाज बाहेरच्या खोलीत गेला असणार, कारण सासऱ्यांनी पाय आखडून घेतले आणि पाणी मागितलं. मी दिलं. डबीचं झाकण लागल्याचा आवाज आला आणि दिवा मालवला गेला.

सकाळी भिंत वाळली होती. दोन्ही बाजूंना दोन भिंती, एकसारख्या, रेघेत, राखाडी. मधोमध ही. काही सांधे गडद, काही फिकुटलेले, काहींत खळगे, मधूनमधून पांढरट डाग. बॅटरीची गरजच नव्हती. खरवडायला सुरुवात करणार तर ठेकेदार जिन्यात दिसला. वेळेवर येण्याची त्याला तेव्हाच दुर्बुद्धी सुचली.

तो दारात उभा राहिला आणि त्याची नजर पडायची तिथेच पडली. बराच वेळ बघून तो म्हणाला, "काकू, हे काय?"

"हा सांधा माझा नाही," सासूबाई म्हणाल्या.

"तुमचा नाही? मग कोणाचा? काम तुमच्याकडे होतं."

"काम माझ्याकडे होतं. सांधा माझा नाही."

मला वाटलं, आता सांगतील. नाहीतर निदान चूक अंगावर घेऊन मोकळ्या होतील, बाया घेतात तशी. त्यांनी दोन्ही केलं नाही. नवऱ्याचं नाव घेतलं नाही, आणि ज्या कामात आपला हात नाही ते आपलं म्हटलंही नाही. मजले गेले तरी बेहत्तर, पण असला सांधा त्यांच्या नावावर चढणार नव्हता. मान ताठ आणि गाल स्वच्छ, त्या दिवशी अजून राखाडी पट्टा लागायचा होता.

"ठीक आहे," ठेकेदार सुस्कारा टाकून म्हणाला. "मी त्या नव्या मिस्त्रीला निरोप—"

मागे डबा करकरला. सासरे उठत होते. चौकटीला धरून, एक एक गुडघा सरळ करत ते उभे राहिले.

"ती खरं बोलते आहे," ते म्हणाले. "ही भिंत माझी आहे."

"तुमची?" ठेकेदार हसलाच. "मिस्त्री, तुमच्या हातून असं? मला खरं वाटत नाही."

"ही खाली गेली होती. फरशीवर माल चढताना दिसला, मी ओल्या स्पंजाने पुसला. माझ्या हाताला तेवढंच ठाऊक आहे." मग ते पुन्हा बोलले, मोठ्याने, जिन्यापर्यंत जाईल असं. "मला फरशी बसवता येते. सांधा येत नाही. जन्मभर पुसापुशी म्हणत आलो, पण मला तो येत नाही. कधी आलाच नाही. तुम्ही माझी म्हणून जी जी बाथरूमं वाखाणलीत ना, त्यांच्यात तुम्ही बघत होतात ते हिचं काम होतं. आणि नळवाला इकडे फिरकलाही नव्हता."

माझे डोळे भरून आले. राग कुठल्या कुठे गेला. माझा राग असाच, चटकन येतो आणि लाजून पळतो. सासूबाईंकडे बघितलं तर त्या नवऱ्याकडे बघतच नव्हत्या. भिंतीकडे बघत होत्या.

ठेकेदार बाजूच्या भिंतीपाशी गेला. खाली बसला. एका सांध्यावरून त्याने नख ओढलं, वरपासून खालपर्यंत. आवाज एकसारखा आला, कुठे अडखळला नाही. मग त्याने दुसऱ्या भिंतीवर तेच केलं. शेवटी मधल्या भिंतीवर नख ओढलं. ते खळग्यात दोनदा अडकलं.

"मग आता?" त्याने विचारलं. आणि हे त्याने सासूबाईंना विचारलं.

"उद्या संध्याकाळी या," त्या म्हणाल्या. "सकाळी नको. तुमची सकाळ मला मानवत नाही."

ठेकेदार गेला. तो दिवस आम्ही खरवडण्यात घालवला. भरण्यापेक्षा उकरणं कठीण, कारण पातं जरा घसरलं की पांढऱ्या फरशीची कड उडते आणि उडालेली कड परत लावता येत नाही. सासूबाई पातं चालवत होत्या, मी मागून धूळ झाडत होते.

"मी एक ओळ घेऊ?" सासऱ्यांनी विचारलं.

"नाही."

"उभ्याची घेतो. गुडघे टेकत नाही."

"बॅटरी धरा," सासूबाई म्हणाल्या. "भिंतीला लावून धरा. आणि हलवू नका."

त्यांनी धरली. डब्यावर बसून, हात लांब करून, सासूबाई म्हणतील तिथे. हात दुखला की या हातातून त्या हातात. दुसऱ्या दिवशी नवा माल कालवला. पावडर आधीच्याच पोत्यातली राखून ठेवलेली होती, नाहीतर रंगात फरक पडला असता. माल दाबला, सगळे खोलीबाहेर गेले. यावेळी सासरेही. जिन्याच्या पायरीवर आम्ही तिघं ओळीने बसलो होतो, शाळेत वर्गाबाहेर काढल्यासारखे. सासरे आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. सासूबाईंनी ते पाहिलं आणि त्यांना हसू फुटलं. तिथून मग तिघंही हसत सुटलो, कशाला हसतोय ते कळत असूनही हसू थांबेना.

परत आल्यावर दांडी फिरू लागली. माझी हिरवी दांडी. बॅटरीच्या उजेडात ती सांध्यात शिरायची आणि मागे ओली, किंचित खोलगट, सुरेख रेघ सोडत जायची. सासरे बघत होते.

"किती हळू करतेस गं," ते म्हणाले.

"अशीच करते."

"मी कधी बघितलंच नाही."

"कसं बघणार? तुमची पाठ असायची माझ्याकडे. पुढची भिंत लावत असायचात." त्यांनी स्पंज पिळला, गालाला लावला, पुन्हा पिळला. "मी मात्र तुमचं सगळं बघितलं आहे. म्हणून तर फरशी आली मला."

बॅटरी जरा हलली. "हलवू नका," त्या म्हणाल्या, पण हळू म्हणाल्या.

झाक चढली. कोरडं फडकं घेऊन सासूबाई उभ्या राहिल्या आणि मग काय वाटलं कोण जाणे, ते फडकं त्यांनी नवऱ्याच्या हातात दिलं. "उभ्याने पोचेल तेवढं पुसा. कोरडंच." त्यांनी पुसलं, देव्हाऱ्यातली मूर्ती पुसावी इतक्या जपून. खालचं मी पुसलं.

संध्याकाळी ठेकेदार आला. बॅटरी सासूबाईंनी त्याच्याच हातात दिली. त्याने ती भिंतीला लावली, इकडून, तिकडून. तिन्ही भिंतींतून कोणती दुसऱ्यांदा भरली ते सांगा, असं त्या म्हणाल्या. त्याला ठाऊक होतं कोणती ते, तरी तो एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे बघून आला. मला तर मूठभर मांस चढलं. ही माझी सासू, असं खिडकी उघडून रस्त्याला ओरडून सांगावंसं वाटलं. माझं काय होतं त्यात? एक ब्रश आणि झाडलेली धूळ. तरी छाती माझीच फुगली होती.

"उद्यापासून वरचा मजला सुरू करू," ठेकेदार म्हणाला आणि सवयीने सासऱ्यांकडे वळला. "मिस्त्री, फरशी किती मागवू?"

सासऱ्यांनी खांदे उडवले. "मला काय विचारता? मिस्त्रीला विचारा."

सासूबाईंनी आकडा सांगितला. तूटफुटीचा हिशेब धरून, न अडखळता. ठेकेदाराने मान डोलावली आणि तो जिना उतरून गेला.

आम्ही आवराआवर केली. थापी, रबरी हातोडा, ओळंबा, लेव्हल. पिशवी भरली, बादली धुतली. सासूबाईंनी हात पुसले, गालावरचा पट्टा तसाच ठेवला आणि त्या दाराकडे निघाल्या. मी पिशवी उचलायला वाकले तर तिचा बंद आधीच कोणीतरी धरला होता. सासऱ्यांनी ती ओढून खांद्यावर घेतली. तोल जाऊन ते चौकटीला टेकले, पण पिशवी सोडली नाही.

"बाबा, अहो, द्या इकडे!" मी म्हणाले. "गुडघे बघा तुमचे. आई, सांगा ना बाबांना!"

सासूबाई जिन्याच्या पहिल्या पायरीवर होत्या. त्यांनी वळून पाहिलं. नवऱ्याकडे, त्याच्या खांद्यावरच्या पिशवीकडे. आत्ता नाही म्हणतील, असं मला वाटलं. त्यांनी फक्त आपला हात कठड्यावरून काढला, सासऱ्यांना कठडा धरायला जागा व्हावी म्हणून.

"राहू दे गं," त्या म्हणाल्या. "मिस्त्रीची पिशवी मिस्त्री उचलत नाही."

आणि हात हलवत त्या पुढे उतरू लागल्या, सावकाश, मागच्याला गाठता येईल अशा बेताने.